आधी गाडी मोजा, मग वाळवंट गाठा

लांबी ३५ फूट, उंची १२ फूट, रुंदी साडेआठ फूट, वजन दहा टन. आत स्वयंपाकघर, पलंग, संडास-बाथरूम आणि डोक्यावर एसी. अमेरिकेतलं मोठं मोटरहोम (आरव्ही) म्हणजे जवळपास एसटी बसएवढं चालतं घर. हे घर घेऊन कोलोराडो पठारावर, म्हणजे युटा आणि अ‍ॅरिझोनातल्या लाल खडकांच्या उंच वाळवंटात निघायचं असेल, तर नकाशाच्या आधी मोजपट्टी काढा. इथले रस्ते गाडीचे फूट आणि पाउंड बघूनच तिला आत घेतात. आकडे पाठ असले की मात्र हा प्रदेश दोन्ही हातांनी देत सुटतो. लास व्हेगासहून झायन, ब्राइस, मोआब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज आणि परत व्हेगास असा साधारण १७०० किलोमीटरचा फेरा डोळ्यांपुढे ठेवा, आणि ही शिदोरी सोबत घ्या.

दहा टनांना साधं लायसन्स

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत २६ हजार पाउंडांपर्यंतचं, म्हणजे जवळपास ११,८०० किलोंचं मोटरहोम मोटारीच्या साध्या लायसन्सवर चालवता येतं. कायदा परवानगी देतो, पण सराव आपणच करायचा असतो. या गाडीचा बराच भाग मागच्या चाकांच्याही मागे लोंबत असतो. त्यामुळे डावीकडे वळताना शेपूट उजवीकडे झेपावतं आणि पेट्रोलपंपाचा खांब गाठतं. पहिला तास मोकळ्या पार्किंगमध्ये वळणं घेण्यात घालवा.

१९१५ ची गच्चीवाली गाडी

ही हौस आजची नाही. १९१५ मध्ये रोलंड कॉंकलिन नावाच्या उद्योजकाने २५ फूट लांब, आठ टनांची खास बस बांधून घेतली आणि कुटुंबासह न्यूयॉर्कहून थेट सॅन फ्रान्सिस्को गाठलं. बसमध्ये स्वयंपाकघर होतं, न्हाणीघर होतं आणि टपावर बागही होती. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पक्का रस्ता तेव्हा नव्हताच!

झायनचा बोगदा आता बंद

झायन राष्ट्रीय उद्यानातला १.८ किलोमीटरचा बोगदा १९३० मध्ये पूर्ण झाला, तेव्हाच्या मोटारींच्या मापाने. मोठी गाडी कडेच्या कमानीला घासू नये म्हणून तिला मधोमध चालवावं लागे. त्यासाठी समोरची वाहतूक थांबवली जाई आणि गाडीमालकाकडून जादा शुल्क घेतलं जाई. जून २०२६ पासून उद्यानाने हा मार्ग मोठ्या गाड्यांना बंदच केला. मर्यादा अशा: उंची ११ फूट ४ इंच, रुंदी ७ फूट १० इंच, लांबी ३५ फूट ९ इंच. मोठं मोटरहोम रुंदीतच नापास होतं. मग हरिकेन, फ्रेडोनिया, कनाब असा दक्षिणेकडून वळसा घ्यायचा. हा रस्ता मोकळाढाकळा आहे आणि लाल कडे त्याच्याही सोबतीला आहेत.

एकावर एक तीन उद्यानं

ग्रँड कॅन्यनच्या माथ्यावरचा खडक झायनच्या पायथ्याशी सापडतो. झायनचा माथा ब्राइसच्या पायाखाली जातो. पृथ्वीच्या थरांच्या या महाकाय जिन्याला ‘ग्रँड स्टेअरकेस’ म्हणतात. झायनहून ब्राइसला जाताना आपण खडकांच्या काळात कोट्यवधी वर्षं पुढे सरकतो आणि उंचीत हजार मीटरहून अधिक वर चढतो. ब्राइसचे सुळके घडवले ते पाण्याने आणि थंडीने. वर्षातल्या जवळपास निम्म्या दिवसांत इथे रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. गोठताना फुगणारं पाणी भेगा रुंदावत जातं आणि खडक फोडतं. एक आकडा इथेही लक्षात ठेवा. शटल बसच्या वेळात २३ फुटांहून लांब गाडी मुख्य सज्ज्यांजवळच्या पार्किंगमध्ये नेता येत नाही. गाडी खाली ठेवा आणि शटल पकडा.

९२ अंशांवरच उकळी

ब्राइसचा कडा २४०० ते २७०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी १०० अंशांची वाट बघत नाही, ९१-९२ अंशांवरच उकळू लागतं. पातेल्यात डाळ शिजवायला ठेवाल तर ती तासभर टणक राहील. आपल्याकडे हिमालयात जाणारे कुकर का नेतात, त्याचं कारण हेच. बंद भांड्यात वाफेचा दाब वाढला की पाणी पुन्हा तापतं आणि वरणभात वेळेत होतो. आरव्हीच्या ओट्यावर कुकरची जागा पक्की करा, आणि वेफर्सची पाकिटं फुग्यासारखी टम्म झाली तर घाबरू नका. बाहेरचा दाब कमी झाला, एवढंच.

इंजिनालाही धाप लागते

हवा विरळ झाली की साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के घटते. २७०० मीटरवर चौथा हिस्सा गेलेला असतो. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनाला हा फटका कमी बसतो. आरव्हीच्या जनरेटरलाही चढ जाणवतो, म्हणून अनेक जनरेटरांना उंचीनुसार फिरवायचं बटणच दिलेलं असतं. उतारावर नियम आपल्या घाटांतलाच: गाडी खालच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक सतत दाबून तापवू नका. कडेला खडीने भरलेली चढती पट्टी दिसली, तर ती ब्रेक निकामी झालेल्या अवजड गाड्यांसाठी आहे. तिथे फोटोसाठी थांबायचं नाही.

खेचरांच्या वाटेवर

ब्राइसपासून कॅपिटल रीफकडे नेणारा युटाचा हायवे १२ हा सुमारे २०० किलोमीटरचा रस्ता २००२ पासून ‘ऑल-अमेरिकन रोड’ म्हणून गौरवला गेला आहे. वाटेतलं बोल्डर हे गाव इतकं आडबाजूला होतं, की १९३० च्या दशकातही तिथे टपाल खेचरांवरून येत असे. गावाच्या अलीकडे ‘हॉगबॅक’ लागतो. अरुंद धारेवरून रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंना दरी असते. बोल्डरच्या पुढे हाच रस्ता २९०० मीटरपर्यंत चढतो आणि तिथे वाळवंटाच्या माथ्यावर अ‍ॅस्पेनची झाडी लागते. सप्टेंबरअखेरीस ही झाडं सोनेरी होतात. मोटरहोम इथून जातं, मात्र वाऱ्याच्या दिवशी नको, आणि अंधारात तर मुळीच नको.

युरेनियमचा घाट

काही वाटांवर मात्र मोठ्या गाडीने पाऊलही टाकू नये. युटाच्या २६१ क्रमांकाच्या रस्त्यावर मोकी डगवे नावाचा पाच किलोमीटरचा कच्चा घाट आहे. चढ ११ टक्के, वळणं केसाच्या आकड्यासारखी आणि उंची सुमारे ३६५ मीटर. १९५० च्या दशकात युरेनियमचं खनिज वाहून नेण्यासाठी तो खोदला गेला. २८ फुटांहून लांब किंवा १० हजार पाउंडांहून जड गाडी इथे आणू नका, असं राज्य सरकारच सांगतं. ज्यांना तो बघायचाच असतो, ते मोटरहोमच्या मागे छोटी मोटार बांधून आणतात, घर पायथ्याशी ठेवतात आणि मोटारीने वर जातात. ही जोडगाडी या सहलीतली सगळ्यात शहाणी गुंतवणूक आहे.

१७७ किलोमीटर, एकही पंप नाही

युटात सलायना ते ग्रीन रिव्हर या टप्प्यात आय-७० महामार्गावर १७७ किलोमीटर पेट्रोल, जेवण, मुक्काम काहीही मिळत नाही. देशभरातल्या आंतरराज्य महामार्गांवर सोयीसुविधांविना इतका लांब टप्पा दुसरा नाही. मोठं मोटरहोम लिटरला तीन किलोमीटर धावतं, म्हणजे फक्त हा टप्पा साठ लिटर पितो. काटा निम्म्यावर आला की पंप शोधायचा, हा इथला साधा शिरस्ता.

शेजारच्या नेवाडाने तर या एकांताचाच उत्सव केला. १९८६ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने हायवे ५० ला अमेरिकेतला सर्वात एकाकी रस्ता ठरवलं. राज्याच्या पर्यटन खात्याने तेच बिरूद मिरवत पुस्तिका काढली. गावोगावी शिक्के मारून घ्यायचे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळवायचं!

एका दुपारी घड्याळ तीनदा बदला

उन्हाळ्यात अमेरिका घड्याळ एक तास पुढे करते. अ‍ॅरिझोना करत नाही. पण अ‍ॅरिझोनाच्या आतला नावाहो नेशन, म्हणजे नावाहो या मूळ रहिवाशांचा स्वायत्त प्रदेश, करतो, आणि नावाहोंच्या मधोमध वसलेला होपी या दुसऱ्या मूळ रहिवाशांचा प्रदेश करत नाही. त्यामुळे फ्लॅगस्टाफहून टूबा सिटीमार्गे पूर्वेला निघालं, की वेळ एक तास पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे जाते. मार्गदर्शकासह सहल ठरवताना ‘कुणाच्या घड्याळाने?’ हे विचारून घ्या. मोबाइलवर विसंबू नका, तो ज्या टॉवरला पकडेल त्याची वेळ दाखवतो.

मॉन्युमेंट व्हॅलीचे यजमान नावाहो

जॉन फोर्डच्या १९३९ च्या ‘स्टेजकोच’ने जगभर पोचवलेले हे सुळके राष्ट्रीय उद्यानात येत नाहीत. १९५८ पासून हे नावाहोंचं स्वतःचं उद्यान आहे, म्हणून राष्ट्रीय उद्यानांचा पास इथे चालत नाही. आतल्या २७ किलोमीटरच्या कच्च्या फेरीवर मोटरहोमला मनाई आहे. घर वर उभं करा आणि नावाहो मार्गदर्शकाच्या जीपमध्ये बसा. ज्यांची ही भूमी आहे त्यांच्या तोंडून ती ऐकण्यासारखं दुसरं काही नाही.

पासाचे दोन दर

राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकी रहिवाशांना ८० डॉलरला मिळतो. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना तोच २५० डॉलरला घ्यावा लागतो. पास नसेल, तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यनसारख्या निवडक उद्यानांत परदेशी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जादा पडतात. भारतातून आई-बाबा येणार असतील, तर हा हिशेब आधी मांडा.

लोणारचा अमेरिकी भाऊबंद

फेरा थोडा दक्षिणेला वाढवला, तर आय-४० जवळ विन्स्लोपाशी मीटिऑर क्रेटर आहे. ५० हजार वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेलं, १.२ किलोमीटर व्यासाचं विवर. अपोलोच्या अंतराळवीरांनी इथे सराव केला होता. बुलढाण्याचं लोणार याहून मोठं आहे, सुमारे १.८ किलोमीटरचं, आणि ते काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेलं आहे. अ‍ॅरिझोनाचं विवर कोरडंठाक, लोणारच्या पोटात खारं तळं. दोन्ही पाहिलेल्या माणसाचा हेवा करावा!

तीन टाक्या, एक शिस्त

मोटरहोमच्या पोटात तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची. ३०० लिटर पाणी भरलं की वजन ३०० किलोंनी वाढतं, त्यामुळे लांब चढाआधी हिशेबाने भरा, पण कोरड्या टप्प्याआधी कंजूषपणा नको. इथल्या कोरड्या हवेत घाम जाणवायच्या आत उडून जातो, म्हणून माणशी दिवसाला चार लिटर पाणी फक्त पिण्यासाठी धरा. आणि यातल्या शेवटच्या दोन टाक्या रित्या करायच्या त्या डंप स्टेशनवरच. वाळवंटात सांडलेलं पुसायला पाऊस येत नाही.

तीन महाराष्ट्रांएवढं अंगण

अमेरिकेच्या भूव्यवस्थापन खात्याकडे, म्हणजे बीएलएमकडे जवळपास दहा लाख चौरस किलोमीटर जमीन आहे, आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. त्यातल्या बऱ्याच भागात १४ दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. वीज नाही, नळ नाही, शेजारी नाही. फक्त गाडी आधीच्या चाकोरीतच उभी करा. तिथल्या मातीवर काळपट, खडबडीत कवच दिसतं ते जिवंत आहे. सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफुलाने ते विणलेलं असतं. तेच माती धरून ठेवतं. एका टायरखाली ते चिरडलं, तर भरून यायला कित्येक दशकं लागतात.

काळोखाचं पहिलं उद्यान

युटातलं नॅचरल ब्रिजेस २००७ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. तिथे आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसते. मात्र तिथल्या तळावर २६ फुटांची मर्यादा आहे. मोठं घर बाहेर मुक्कामाला ठेवा आणि छोट्या मोटारीने रात्री आत जा.

मॉन्सून तिथेही

१५ जून ते ३० सप्टेंबर हा अ‍ॅरिझोनाचा अधिकृत मॉन्सून. दुपारी ढग दाटतात, कुठेतरी दूर सर कोसळते आणि इथे, निरभ्र आकाशाखाली, कोरड्या ओढ्यातून पाण्याची भिंत येते. म्हणून ओढ्याच्या पात्रात मुक्काम कधीच करायचा नाही. वसंतात वारा उंच गाड्यांना ढकलतो, हिवाळ्यात नळ गोठतात. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे सगळ्यात देखणे आणि शांत दिवस.

३-३-३

जुने आरव्हीवाले एक नियम सांगतात. दिवसाला ३०० मैलांहून जास्त चालवू नका, दुपारी ३ च्या आत मुक्कामी पोचा आणि एका जागी किमान ३ रात्री राहा. उंच वाळवंटात ३०० मैलसुद्धा जास्तच, १५० पुरेत. चढांवर वेग तसाही उतरतो, आणि उजेडात पोचलं तरच दहा टनांचं घर जागेवर नीट लागतं. हातात तेवढे दिवस नसतील, तर ठिकाणं कमी करा, पण रात्री कमी करू नका. इथले खडक सकाळी गुलाबी असतात, दुपारी केशरी होतात आणि संध्याकाळी जांभळे. जो एकाच वेळेला पोचतो आणि निघतो, त्याला त्यातला एकच रंग मिळतो.