झाडे लावली, विरळणीचे काय?

बाजरी उगवून आली की शेतकरी दाट आलेली रोपे उपटून टाकतो. कपाशीत एका ठिकाणी दोन-तीन रोपे असतील, तर एक जोमदार ठेवून बाकीची काढतो. याला विरळणी म्हणतात आणि मराठवाड्यात ती कोणाला शिकवावी लागत नाही. मात्र हाच नियम माणसाने लावलेल्या जंगलालाही लागू पडतो, हे अनेकांच्या पचनी पडत नाही. झाड तोडणे म्हणजे पाप, अशी आपली भावना असते. ती चांगलीच आहे. पण दाट लावलेल्या रोपवनात एकही झाड न काढल्याने सगळीच झाडे अशक्त राहू शकतात.

हा विषय आता निघण्याचे कारण आहे. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. एकट्या २०१९ चे उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचे होते. छत्रपती संभाजीनगर परिसरातही शाळा, संस्था, वनविभाग आणि प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियनने उजाड जमिनीवर झाडे लावली. त्यातली जी जगली, त्यांच्या फांद्या अनेक ठिकाणी आता एकमेकींत गुंतू लागल्या असतील.

झाडाचा हिशेब

फांद्या गुंतल्या की खालच्या पानांना ऊन मिळत नाही. खालच्या फांद्या वाळतात आणि अन्न तयार करणारा पर्णसंभार वर शेंड्याकडे उरतो. झाड तयार झालेले अन्न आधी पाने, मुळे आणि शेंड्याच्या वाढीवर खर्च करते. खोड जाड करण्याचा नंबर शेवटी लागतो. त्यामुळे दाटीतली झाडे उंच होत राहतात, पण बारीकच राहतात.

वनशास्त्रात यासाठी सोपे गणित आहे. झाडाची उंची भागिले खोडाची जाडी. १२ मीटर उंचीच्या झाडाचे खोड १५ सेंटिमीटर जाड असेल, तर उत्तर ८० येते. १२ सेंटिमीटर असेल, तर १००. युरोपातील स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लागवडीत ८० च्या वरचा आकडा धोक्याचा मानतात. अशी झाडे वादळात आणि बर्फाच्या भाराने मोडतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण वळवाचा वारा आहे.

विरळणीने काय होते?

विरळणी केल्याने जंगलातले एकूण लाकूड वाढते, हा गैरसमज आहे. ते साधारण तेवढेच राहते, कधी थोडे कमीही होते. ऊन, पाणी आणि माती तेवढीच असते. वाटेकरी कमी होतात. त्यामुळे उरलेली झाडे जाड होतात. सागाचे खोड आडवे कापले तर वार्षिक वलये स्पष्ट दिसतात. विरळणीनंतरच्या वर्षांची वलये सहसा रुंद असतात.

दुसरा फायदा पाण्याचा. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही लहरी. झाडे कमी झाली की प्रत्येकाच्या मुळांना जास्त ओल मिळते. २०१८ नंतरच्या दुष्काळी वर्षांत जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकात स्प्रूसची विस्तीर्ण रोपवने वाळली; तहानलेल्या झाडांवर साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी हल्ला केला. विरळणी झालेली सूचिपर्णी झाडे दुष्काळानंतर लवकर सावरतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. हा फायदा कायमचा नसतो. काही वर्षांत शेंडे पुन्हा भिडतात आणि विरळणी पुन्हा करावी लागते.

कधी आणि किती?

महाराष्ट्रात सागाची रोपवने जुनी आहेत. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने ती मोठ्या प्रमाणावर उभारली. दोन-दोन मीटरवर लागवड केली, तर हेक्टरी २,५०० रोपे बसतात. पहिली विरळणी साधारण पाचव्या वर्षाच्या सुमारास होते. पुढे टप्प्याटप्प्याने झाडे कमी करत अखेरीस हेक्टरी काही शेच राहतात. वाकडी, दुबेळकी, रोगट आणि दबलेली झाडे आधी काढतात.

उशीर केला तर आक्रसलेल्या शेंड्याचे झाड मोकळी जागा मिळूनही लवकर भरत नाही आणि आधार गेल्याने वाऱ्यात हेलकावते. एकदम जास्त तोड केली तर जमीन तापते, तण माजते आणि खोडावर नको तिथे धुमारे फुटतात.

सगळीकडे नको

हा उपाय लाकडासाठी किंवा सावलीसाठी लावलेल्या रोपवनांचा आहे. गौताळा अभयारण्यासारख्या नैसर्गिक जंगलात वाळलेले खोडही घुबडाचे, पोपटाचे घर असते. तिथे ही कात्री चालवायची नाही. शहरातल्या मियावाकी पद्धतीच्या वनांत रोपे मुद्दामच दाट लावतात आणि दुबळी झाडे आपोआप मागे पडतील, हे त्यात गृहीत असते.

आपल्या शाळेच्या किंवा वसाहतीच्या रोपवनासाठी एक सोपी तपासणी करता येईल. छातीइतक्या उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर, वीस-पंचवीस झाडांचा घेर टेपने मोजून वहीत लिहावा. घेराला ३.१४ ने भागले की जाडी मिळते. दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजावे. उंची वाढते आहे, घेर मात्र अडला आहे आणि खालच्या फांद्या वाळत आहेत, असे दिसले तर वनविभागाचा किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाचा सल्ला घ्यावा. स्वतः कुऱ्हाड हाती घेऊ नये; शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्षतोडीला परवानगी लागते.

लागवडीच्या दिवशी फक्त रोपे मोजली जातात. ती लागवड यशस्वी झाली का, हे दहा-पंधरा वर्षांनी खोडाचा घेर सांगतो. तोवरच्या देखभालीचा, विरळणीसह, आराखडा लागवडीच्या कागदातच असायला हवा.