फॅक्स मशीनची सुरुवातीची सेटिंग : आधी घड्याळ, मग नंबर



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. वीज आली की आपण आधी पंखा आणि पंप बघतो. ऑफिसातल्या फॅक्स मशीनच्या घड्याळाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. वीज बराच काळ गेली, तर बऱ्याच मशीनचं घड्याळ मागे जाऊन बसतं.

एका पावसाळ्यात आमचंही असंच झालं. वर्गखोलीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव शेवटच्या दिवशी फॅक्स केला. कागदाच्या वरच्या ओळीत कितीतरी वर्षं जुनी तारीख उमटली. "हा आजचा कसा मानायचा?" असं उत्तर आलं, आणि मुदत टळली. तो पावसाळा मुलांनी गळक्या वर्गातच काढला.

म्हणून मशीन नवीन असो की जुनं, मेनूचं बटण दाबून ही सेटिंग स्वतः तपासा.

१. तारीख-वेळ : भारतीय वेळ लावा. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, म्हणून 'डेलाइट सेव्हिंग' बंद ठेवा.

२. शाळेचं नाव व नंबर : प्रत्येक पानाच्या माथ्यावर हेच छापलं जातं. नाव बहुधा इंग्रजी अक्षरांतच भरावं लागतं. नंबर देशाच्या कोडसह लिहायचा तर शून्य गाळा. अलिबागचा कोड ०२१४१, म्हणजे +९१ २१४१ आणि पुढे आपला नंबर.

३. डायलिंग : 'टोन' ठेवा. 'पल्स' जुन्या एक्स्चेंजसाठी होतं.

४. फॅक्स घेण्याची पद्धत : फॅक्ससाठी वेगळी लाइन असेल तर 'ऑटो', म्हणजे शाळा बंद असतानाही कागद येतो. फोन आणि फॅक्स एकाच लाइनवर असतील तर 'फॅक्स/टेल' किंवा 'मॅन्युअल'.

५. रिझोल्यूशन : 'स्टँडर्ड'मध्ये उभ्या दिशेने एका मिलिमीटरला ३.८५ ओळी वाचल्या जातात, 'फाइन'मध्ये ७.७. आपल्या मराठीत अनुस्वार आणि उकार बारीक असतात. ते पुसट झाले तर नावं बदलतात, म्हणून 'फाइन'च बरं. वेळ थोडा जास्त लागतो, लागू द्या.

६. रिपोर्ट : 'ट्रान्समिशन रिपोर्ट' चालू ठेवा. निघालेली चिठ्ठी जावक नोंदवहीत चिकटवा. ती थर्मल कागदावर असेल तर झेरॉक्स काढून लावा, कारण उष्णतेने अक्षरं उडतात.

सगळं झालं की शेजारच्या शाळेला एक पान पाठवा आणि फोन करून विचारा, "वरच्या ओळीत काय आलंय?" तारीख, वेळ, नाव आणि नंबर बरोबर असतील तरच काम झालं म्हणा. आणि लाइट बराच वेळ गेली की, परत आल्यावर पहिल्यांदा ते घड्याळ बघा.