चित्रातली वीट आणि भिंतीतली वीट

गवंड्याच्या हाती थापी, ओळंबा आणि दोरी असते. संगणकावर घराचा नकाशा काढणाऱ्या मुलाच्या हाती यांतले काहीच नसते. तरीही दोघांपुढचे गणित एकच. मी गणिताचा मास्तर, म्हणून ते आज आपल्यापुढे मांडतो.

गवंड्याचा पहिला धडा असा, की सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट मधोमध बसली, की वरचा भार दोघींत वाटला जातो आणि दोघी एकमेकींशी बांधल्याही जातात. सांधे एकाखाली एक आले, तर भिंतीला चीर जायला वाट आपणच करून दिली म्हणायची.

संगणकावर ही मांडणी दोन रीतींनी काढता येते. पहिली सोपी. ऑटोकॅडमध्ये भिंतीची चौकट काढायची आणि तीत विटांची तयार नक्षी भरायची. तिला ‘हॅच’ म्हणतात. भिंत क्षणात विटांनी भरते. पण त्या नुसत्या रेघा! त्यांना जाडी नाही, आणि मागच्या बाजूला काय आहे हे त्यांना ठाऊक नाही.

दुसरी रीत वीट रचण्याची. प्रमाणित वीट १९० मिलिमीटर लांब, ९० रुंद आणि ९० उंच. दहा मिलिमीटरचा मसाला धरला, की हिशेबाला २००, १०० आणि १०० हे सोयीचे आकडे मिळतात. अशी एक घन वीट काढायची, दर २०० मिलिमीटरवर तिची प्रत ठेवायची, की एक थर झाला. दुसरा थर १०० मिलिमीटर सरकवायचा. मग ही जोडी वर वर चढवत न्यायची.

समोरून सारे ठाकठीक दिसते. आता चित्र फिरवून भिंतीचा छेद पाहा. भिंत २०० मिलिमीटर जाडीची, म्हणजे पुढे एक रांग आणि मागे एक. सगळ्याच विटा लांबीत ठेवल्या, तर मधोमध पायापासून माथ्यापर्यंत सरळ सांधा निघतो. आपण एक भिंत बांधली असे समजतो; उभ्या असतात पाठीला पाठ लावून दोन!

यावर ‘इंग्लिश बाँड’चा उपाय आहे. एक थर लांबीत, दुसरा आडवा, म्हणजे विटा भिंतीच्या आरपार. पण यातही एक मेख आहे. लांबीतल्या थराचे सांधे २००, ४००, ६०० वर येतात; आडव्या थराचे १००, २००, ३००, ४०० वर. म्हणजे एकाआड एक सांधा पुन्हा सांध्यावर आलाच. म्हणून कोपऱ्यातल्या आडव्या विटेशेजारी, लांबीत उभी चिरलेली अर्धी वीट घालतात. आता सांधे १००, १५०, २५०, ३५०, ४५० असे पडतात आणि एकही खालच्या सांध्यावर येत नाही. पन्नास मिलिमीटरच्या त्या तुकड्याने सारा हिशेब जुळतो.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कुणी विचारील. आपल्या मराठवाड्यात तरी हा प्रश्न पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. तिथली बहुतेक घरे विटांची नव्हती. दगडमातीची होती, वर मातीचे जड माळवद. भिंती चांगल्या रुंद. पण आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर, मध्ये माती आणि बारीक दगड. दोन्ही पदरांना धरणारे आरपार दगड फारसे नव्हतेच. धक्का बसताच पदर फुगून सुटे झाले आणि माळवद खाली आले. जाडी होती, जोड नव्हता. पुढे भिंती मजबूत करताना आरपार बांधणी आणि काँक्रीटचे आडवे पट्टे यांवर भर दिला गेला, तो याच कारणाने.

नुसत्या रचनेने घर भूकंपाला तोंड देते, असे मी म्हणत नाही. मसाला चांगला हवा, आडवे पट्टे हवेत, कोपरे नीट बांधलेले हवेत. पण दोन पदर एकमेकांशी बांधलेलेच नसतील, तर बाकीच्या खर्चाचा उपयोग तरी किती?

तेव्हा आपल्या घराचा नकाशा हाती आला, की दर्शनी चित्र पाहून नुसती मान डोलवू नका. कोपऱ्यातले लागोपाठचे दोन थर आणि भिंतीचा छेद काढून दाखवा, म्हणावे. संगणकावर ते थोड्या वेळाचे काम आहे. पुढे त्याच भिंतीच्या आडोशाला आपली लेकरे झोपणार असतात.