कोडाईकनालचा पारा, मुंबईची कंपनी

तामिळनाडूच्या कोडाईकनाल या थंड हवेच्या ठिकाणी 1980च्या दशकात थर्मामीटरचा कारखाना आला, तोही अमेरिकेतून उचलून आणलेला. पुढे तो मुंबईच्या हिंदुस्तान लीव्हरकडे आला. मार्च 2001मध्ये गावातल्या भंगारवाल्याकडे पारा लागलेल्या काचांचा 7.4 टन ढीग सापडला आणि गावकऱ्यांनी मोर्चा काढला. कंपनीने चूक कबूल करून कारखाना बंद केला. 2003मध्ये पारा मिसळलेला सुमारे 290 टन कचरा जहाजाने अमेरिकेला परत गेला. 'विकसित' देशाने आपला कचरा परत घेतल्याची उदाहरणं विरळाच!

कामगारांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. सांडलेला पारा हाताने गोळा करावा लागे, कपड्यांबरोबर तो घरी जाई, असं त्यांचं म्हणणं. तर कामामुळे कुणाचं आरोग्य बिघडलेलं नाही, हा कंपनीचा धोशा. 2006मध्ये माजी कामगार मद्रास उच्च न्यायालयात गेले. मग अहवालांवर अहवाल आले. 2011मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या अहवालाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. तरी निकाल नाहीच. 2015मध्ये रॅपर सोफिया अश्रफ यांच्या या प्रकरणावरच्या रॅप व्हिडिओने जगभर बोभाटा झाला आणि कंपनीच्या अब्रूचा प्रश्न उभा राहिला. न्यायालयाच्या तारखांपेक्षा त्याचाच धसका मोठा असावा.

मार्च 2016मध्ये 591 माजी कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांशी तडजोड झाली. रक्कम गुप्त आहे. कंपनीच्या लेखी ती भरपाई नाही, मानवतेपोटी दिलेलं सानुग्रह अनुदान आहे.