परसातील अबोली : मुळांकडे पाहा

कोकणात आणि गोव्यात अंगणाच्या कडेला अबोलीची दोन-चार झुडपे हमखास दिसतात. फुलाला वास नाही, तरी वेणीत त्याला मान आहे. झाड बहुवर्षायू व काटक असून घरची गरज भागून उरलेली फुले बाजारातही जातात. मात्र 'पहिल्या वर्षी छान फुलली, दुसऱ्या वर्षी वाळली' ही तक्रार नेहमी ऐकू येते.

झाड मलूल दिसले की बहुतेक जण पाणी वाढवतात. तसे करू नका. आधी एक झाड मुळासकट काढून मुळे धुऊन पाहा. मुळे जागोजागी फुगून गाठी झाल्या असतील, तर तो सूत्रकृमींचा उपद्रव समजावा. (भुईमुगाच्या मुळांवरील गाठी उपयोगी असतात, या नव्हेत.) सूत्रकृमींनी केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत शिरते आणि पाणी साचले तर झाड लवकरच बसते.

रोगट झाडे मुळांसह जाळून टाकावीत, खतखड्ड्यात टाकू नयेत. त्या जागी लगेच पुन्हा अबोली लावू नये. वांगी, टोमॅटो, भेंडीही नको, कारण त्यांवरही हेच सूत्रकृमी जगतात. एक हंगाम तेथे झेंडू दाट लावावा. नवीन लागवड उंच गादीवाफ्यावर, पाण्याचा निचरा होईल अशा जागी करावी. शेणखतात निंबोळी पेंड व ट्रायकोडर्मा मिसळून द्यावे.

रोपे शेजाऱ्याकडून आणताना मुळांची माती बरोबर येते आणि तिच्यासोबत सूत्रकृमीही येतात. त्यापेक्षा पावसाळ्यात निरोगी झाडाचे वीतभर लांबीचे शेंडे आणून स्वच्छ वाळूत लावावेत. 'दिल्ली अबोली' या गडद केशरी प्रकाराला बी धरत नाही, तिला हाच मार्ग आहे. इतर प्रकारांची बोंडे वाळल्यावर पाणी लागताच तडकून बी उडते, म्हणून कणसे आधीच काढून ताजे बी पेरावे.

देशावरील चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्यास ती लोहाची कमतरता होय. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस मिसळून फवारावे.

फुले कणसावर खालून वर उमलत जातात. ती एक दिवसाआड सकाळी तोडावीत, फुलून संपलेली कणसे छाटावीत. दरवर्षी दोन-तीन फाटे वेगळ्या कुंडीत, नव्या मातीत लावून ठेवावेत, म्हणजे वाफा गेला तरी वाण घरात राहतो.