परदेशांतील सणाची पंगत

कोहमारा हें गोंदिया जिल्ह्यांतील महामार्गावरचें गांव. नोव्हेंबर महिन्यांत या बाजूस धानाची कापणी आणि मळणी चाललेली असते. त्याच महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं अमेरिकेंतहि सुगीनंतरचा कृतज्ञतेचा सण साजरा होतो. हल्लीं आपल्यांतील कित्येक घरचीं मुलें तिकडे स्थायिक झालीं आहेत. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलेल्या वडीलधाऱ्यांसमोर त्या दिवशीं अख्खा भाजलेला टर्की पक्षी येऊन ठेपतो, आणि पंक्तीस बसावें कीं न बसावें असा पेंच पडतो. या भोजनाची नीट माहिती असली, तर तो पेंच बराचसा सुटेल.

हा पक्षी मूळचा अमेरिका खंडांतील. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. त्याच्या नांवाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. इंग्रजांनीं त्याचा संबंध तुर्कस्तानाशीं जोडला. फ्रेंचांनीं त्यास हिंदुस्थानचा ठरविलें. आणि खुद्द तुर्की भाषेंत त्यास ‘हिंदी’ म्हणतात! आपल्याकडे १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून बादशहा जहांगीर याच्यासाठीं जे दुर्मिळ प्राणी आणले, त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्याचे व मानेचे पालटणारे रंग पाहून बादशहा चकित झाला. दरबारचा चितारी मन्सूर यानें काढलेलें टर्कीचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे.

सणाची परंपरा प्लिमथ येथील वसाहतवाल्यांच्या १६२१ सालच्या सुगीच्या मेजवानीपर्यंत नेली जाते. १८६३ सालीं, यादवी युद्ध चालू असतां, अध्यक्ष लिंकन यांनीं तो साऱ्या राष्ट्रासाठीं जाहीर केला. १९४१ सालच्या कायद्यानें चौथा गुरुवार निश्चित झाला. एरवीं दूरदूर विखुरलेलें कुटुंब त्या दिवशीं एका मेजाभोंवतीं जमतें. सहा किलो वजनाचा एकच पक्षी दहाबारा माणसांस पुरतो. म्हणून तो अख्खा भाजण्याचा प्रघात.

भाजण्यांतील अडचण मात्र आपल्या गृहिणींस नवी नाहीं. भरताचें मोठें वांगें जाळावर धरलें तर साल करपते आणि गाभा कच्चा राहतो; मंद निखाऱ्यावर तें सावकाश शिजतें. टर्कीचेंहि तसेंच. शिवाय त्याच्या छातीचें मांस लवकर कोरडें पडतें, तर मांड्यांना अधिक उष्णता लागते. गोठविलेला पक्षी शीतकपाटांतच सैल होऊं द्यावयाचा असतो. दर दोन किलोंस सुमारें एक दिवस, म्हणजे सहा किलोंस तीन दिवस लागतात. भट्टी सुमारें १६३ अंश सेंटिग्रेडवर ठेवली, तर तो भाजण्यास तीन ते पावणेचार तास लागतात. वरचा तांबूस रंग पाहून तो शिजला असें समजणें धोक्याचें. हाडाला न लागूं देतां छातीच्या व मांडीच्या जाड भागांत तापमापक खुपसून ७४ अंश भरले, म्हणजेच रोगजंतूंचें भय उरत नाहीं. भट्टींतून काढल्यावर वीस मिनिटें त्यास तसाच ठेवतात, म्हणजे रस आंत मुरतो.

कच्चा पक्षी धुवूं नये, कारण उडालेल्या थेंबांबरोबर जंतु आसपासच्या भांड्यांवर जातात. त्याची सुरी व पाट कोशिंबिरीच्या भाज्यांस लावूं नये. येथें आरोग्यशास्त्र आणि आपल्या आजीबाईंचें सोवळें हीं दोन्हीं एकाच गोष्टीचा आग्रह धरतात!

आतां शाकाहारी पाहुण्यांविषयीं. केवळ पक्षी वगळला म्हणजे भागलें, असें नाहीं. पक्ष्याच्या पोटांत भरून भाजलेलें पावाचें सारण शाकाहारी राहत नाहीं. वेगळें भाजलें, तरी त्यांत पुष्कळदां मांसाचा रस्सा घालतात. बटाट्यावर ओततात तें दाट सार पक्ष्याच्या गळालेल्या रसाचें असतें. भोपळ्याच्या गोड पक्वान्नांत बहुधा अंडीं असतात. उलट क्रॅनबेरी या आंबट फळांचें साखरेंत शिजविलेलें चाटण, मक्याचीं कणसें, भाजलेलीं रताळीं हीं बहुधा चालण्याजोगीं. तरी विचारून घ्यावें. विचारण्यांत संकोच नसावा. यजमानांसहि तें आवडतें.

खरा प्रश्न पदार्थाचा नसून मनांतील अंतराचा आहे. सूनबाईंनीं सासूबाईंपासून कांहीं लपवावें आणि सासूबाईंनीं शंकेनें उपाशी उठावें, यांत सणाचा हेतूच बुडतो. त्यापेक्षां आधींच मोकळेपणानें बोलावें. सासूबाईंसाठीं वेगळीं भांडीं काढावीं. त्यांनींहि आपल्या हातचा मसालेभात त्या मेजावर मांडावा. आपला नेम न मोडतां दुसऱ्याच्या आनंदांत सहभागी होतां येतें. धान घरांत आल्याचा संतोष कोहमाऱ्यास आणि प्लिमथास सारखाच. पानांतील पदार्थ तेवढे निराळे.