पाणकणीस आणि पाण्याची खोली

मीरा रोड सोडून लोकल भाईंदरकडे निघाली, की खिडकीतून मिठागरे दिसतात. त्यांच्या कडेच्या एका डबक्यात उंच हिरवी पाती आणि तपकिरी कणसे पाहून शेजारच्या मुलाने मला विचारले, ''चाचा, तुमचा बोरू तो हाच का?'' बोरूबहाद्दराला उत्तर देणे भागच होते. म्हटले, नाही. बोरूची लेखणी होते, याची होत नाही. हे पाणकणीस.

एका कणसात लाखाहून अधिक बिया असतात आणि त्या वाऱ्यावर दूर उडतात. पण रुजायला त्यांना ओला चिखल किंवा चार बोटे पाणी लागते. खोल पाण्यात कोवळे रोप तग धरत नाही. काठावर एकदा पाय रोवला, की मात्र हे गवत चिखलातून आडवी खोडे पसरत आत सरकते. पाण्यावर डोकावणारी पाती मुळांना हवा पोचवतात. साधारण मीटरभर खोलीपुढे ही चाल मंदावते. अमेरिकेतील ग्रेस आणि वेट्झेल यांनी १९८१ मध्ये दाखवले, की रुंद पानांची जात उथळ पाणी बळकावते आणि अरुंद पानांच्या जातीला खोलात रेटते.

मग चालू मिठागरात पाणी उथळ असूनही पाणकणीस का नाही? कारण तिथले पाणी अतिखारट. मिठागर बंद पडले, उघाडी बुजली, राडारोडा पडला, की भरती आत येत नाही. पावसाचे आणि सांडपाण्याचे गोडे पाणी तेवढे साचते. पाणकणसाला हे आवतणच! मेलेली पाती कुजतात, गाळ अडतो, खोली आणखी घटते. आज गुडघाभर, उद्या घोटाभर, परवा कोरडी जमीन. आणि अशा जमिनीवर सगळ्यांचाच डोळा असतो.

पण पावसाचे पाणी साठवणारी जागाही तीच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी खोलगट जागांचे मोल कुणाला कळले नसेल?

नुसते वरवर कापले, तर पाणकणीस पुन्हा फुटते. पाण्याखाली कापून खुंट बुडता ठेवले, तर हवा तुटते आणि मुळे गुदमरतात. पण खुंट बुडवायला पाणी तर हवे! म्हणून आधी राडारोडा काढावा, भरतीची वाट मोकळी करावी, कोयता नंतर.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, ''बेटा, गवत चोरपावलांनी येते खरे, पण दार आपणच उघडे टाकलेले असते.''

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)